लाल शाईतला र

राणीच्या वहीतल्या एका वाक्यातला मी एक मार्क कापला, त्याला आता सव्वा वर्ष झालं. कापला, कारण एका शब्दाच्या शेवटी र नव्हता. मी लाल पेनानं तो र लिहिला, वाक्याखाली रेघ मारली आणि पान उलटलं. आजही जेवता जेवता मध्येच तो र आठवतो आणि घास हातातच राहतो. मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलीत. माणसं मरताना पाहिलीत, काही माझ्या मांडीवर मेलीत. ते सगळं पचलं, हा र पचत नाही.

मी नानासो. रिटायर्ड सुभेदार, गाव कोरेगाव तालुक्यातलं, बिऱ्हाड सांगलीत. विश्रामबागला दोन खोल्यांत मी स्पॅनिश शिकवतो. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो. गावातले तर म्हणतात, रेड्यानं वेद म्हटले ते ऐकलं होतं, सुभेदारानं स्पॅनिश शिकवलेलं आता बघतोय. हसू देत. मी ती पुस्तकातून शिकलो नाही, काँगोत शिकलो. शांतिसेनेत आमच्या छावणीला लागून उरुग्वेची पलटण होती, आणि त्यांच्यात एक नाईक होता, नाव वॉशिंग्टन. आम्ही दोघांनी एका वाडीतून एकदा तेवीस प्रेतं बाहेर काढली. डोकं माझ्याकडे, पाय त्याच्याकडे. तो मोजत होता आणि मी त्याच्या मागून म्हणत होतो, उनो, दोस, त्रेस. स्पॅनिश आकडे मी असे शिकलो. वर्गातल्या पोरांना हे सांगत नाही, त्यांना मी गाणं म्हणायला लावतो.

राणी वर्गात आली ती पलूसच्या एमआयडीसीतून. तिथं एका डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये ती कामाला होती. मालकानं स्पेनहून ग्रेडिंगचं मशीन आणलं होतं. पट्ट्यावरून डाळिंब जातं, वरचा कॅमेरा रंग बघतो, वजन बघतो आणि मशीन ते आपल्या खान्यात टाकतं. पण पडद्यावरची अक्षरं सगळी स्पॅनिश. इंजिनिअर लोक आले, बटणं दाबून गेले. शेवटी राणीनं ते चालवलं. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते तिनं आठवडाभर वहीत लिहून काढलं होतं. मालक शहाणा निघाला. त्यानं ठरवलं, हिला भाषाच शिकवू. दर गुरुवारी पॅकहाऊस बंद असतं, तोच तिच्या वर्गाचा दिवस.

ती माण तालुक्यातल्या मेंढपाळाची पोरगी. बाप भाऊसो, त्याची दीडशे मेंढरं. दिवाळी झाली की कुटुंब मेंढरांमागं कृष्णाकाठी उतरायचं, आणि पोरगी आज या गावच्या शाळेत तर उद्या त्या. तशातून ती बी.कॉम. झाली. लग्न झालं ते पलूसच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, केस चालू आहे. नवरा विश्वजित जेसीबी चालवायचा. दिसायला देखणा, बोलायला गोड. एकदा तिला सोडायला आला तेव्हा माझ्या पाया पडला होता. मला तो आवडला होता. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पहिल्याच महिन्यात मी वर्गाला एक नियम दिला. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या शेवटी ओ आला की पुल्लिंग, आ आला की स्त्रीलिंग. पेद्रो गडी, मारिया बाई. राणीनं तो वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिला, चौकट केली. याला अपवाद आहेत, पण तेवढ्यात वेळ संपली. मी म्हणालो, अपवाद पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी मला ते आठवलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मास्तराचा आळस म्हणजे काही गुन्हा नव्हे, असं तेव्हा मला वाटायचं.

मग सवयीचा धडा आला. आपल्याकडे सवय सांगायला वेगळं क्रियापद लागत नाही. 'तो उशिरा येतो' म्हटलं की कळतं, रोजच येतो. स्पॅनिशमध्ये त्यासाठी खास क्रियापद आहे. 'सुएले' म्हणायचं आणि पुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं. सुएले येणे, सुएले खाणे. सवय जुनी असली, सुटलेली असली, तर 'सोलिआ'. मी म्हणालो, सोपं आहे, मराठीत 'यायचा, खायचा' म्हणतो ना, तेच सोलिआ.

राणीनं हात वर केला. "म्हंजे सर, आमी लहानपणी मेंढरं राखायचो, ते सोलिआत बसंल?"

"बसेल की. अजून एक सांग."

"आमचा बा सांगायचा," ती म्हणाली, "लांडगा वाघुरीत शिरला तर त्याच्या डोस्क्यावर काठी घालू नगं. मागच्या पायावर घाल. मरत न्हाई, पर परत येत न्हाई."

वर्ग हसला. मी विचारलं, तू कधी घातलीस का? ती तेरा वर्षांची असताना एक लांडगा वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांच्या वाड्याच्या, जाळीखालून आत आला होता. त्यानं कोकरू मानेला धरलं होतं, आणि बाप ओढ्यापलीकडे होता. तिनं दोन्ही हातांनी काठी धरून त्याच्या मागच्या पायावर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. लांडगा कोकरू टाकून तीन पायांवर पळाला. कोकरू काही वाचलं नाही, गळा फाटला होता. तिनंच मग दगडानं त्याला सोडवलं. हे सगळं तिनं मधल्या सुट्टीत डबा उघडल्यासारखं सांगितलं. तिच्या खालच्या ओठाला त्या दिवशी सूज होती आणि कडेला काळं रक्त धरलेलं होतं.

"ओठाला काय झालं?"

"मशीनचं झाकण लागलं, सर."

मी मान हलवली. पॅकहाऊसचं मशीन गुरुवारी बंद असतं आणि ही काल संध्याकाळपर्यंत बरी होती की नाही, हे विचारायला मला काय धाड भरली होती, कळत नाही.

तिला आणखी एक गोष्ट हवी होती. "सर, 'अंगवळणी पडलंय' कसं म्हणायचं?"

"एस्तोय अकोस्तुम्ब्रादा. मला सवय झालीय."

तिनं ते तीनदा पुटपुटलं. मग विचारलं, "आनि सुएलेचा भविष्यकाळ?"

"नाही. त्या क्रियापदाला भविष्यकाळ कोणी लावत नाही. आज आहे आणि काल होतं, एवढंच."

"म्हंजे म्होरं काय हुनार ते त्येला ठावं न्हाई," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. मी हसलो. हुशार विद्यार्थिनी, म्हणालो.

घरचा अभ्यास म्हणून पाच वाक्यं दिली होती. घरातल्या माणसांच्या सवयी, सुएले वापरून. पुढच्या गुरुवारी सरावाच्या वह्या मी जमा केल्या आणि रविवारी तपासायला बसलो. राणीची वाक्यं अशी होती. सासू चारला उठते. सासरे मंदिरात बसतात. दीर मोबाईल बघतो. मी डाळिंब मोजते. आणि पाचवं, मूळ रोमन लिपीतलं, मी आपल्या अक्षरांत देतो: लोस हुएबेस मी मारिदो मे सुएले पेगा.

सुएलेच्या पुढे पेगा चालत नाही, पेगार पाहिजे. मी र लावला. पाचपैकी चार. पुढची वही ओढली.

मंगळवारी सकाळी माझी बायको राजेश्वरी टेबल आवरत होती. तिला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नाही, पण तिला तपासलेल्या वह्या चाळायची खोड आहे. तिनं विचारलं, "या पोरीचं एवढं सुंदर अक्षर, मार्क का कापला?"

मी चष्मा न लावताच सांगत गेलो. सासू चारला उठते. सासरे मंदिरात बसतात. मग पाचवं. "दर गुरुवारी माझा नवरा मला मारतो."

वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि मी थांबलो. स्पॅनिशमध्ये ते मला क्रियापद दिसलं होतं. मराठीत तिथं बाई उभी राहिली, सुजलेल्या ओठाची.

राजेश्वरीच्या हातात फडकं होतं. ती म्हणाली, "आणि तुमी काय केलं?"

"चूक दुरुस्त केली."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "उठा. आत्ता जाऊ."

"गुरुवारी येईलच की ती. तेव्हा विचारू नीट."

"आवं, गुरुवारीच तर मार खाती ती! तुमच्या वर्गाला आली म्हणून मार खाती!"

मी चिडलो. मला खरं ऐकवलं की मी चिडतो, ही माझी जुनी सवय. मी म्हणालो, नवरा-बायकोच्या भांडणात तिऱ्हाइतानं घुसू नये, घरात एखादी चपराक कुठं होत नाही, आपल्यातही झालं होतं दोन-तीनदा, मग काय आपला संसार मोडला?

"दोन-तीनदा?" तिनं फडकं खाली ठेवलं. "अकरा वेळा. काँगोला जायच्या आधी अकरा वेळा मारलंय तुमी मला. एकदा बूट घातलेल्या पायानं. साल सांगू?"

मी तीन वेळा धरल्या होत्या. मला तीनच आठवत होत्या, देवाशपथ. मारणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या हिशेबात एवढा फरक पडतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि मी काय करावं? तिची माफी मागावी, उठून गाडी काढावी? मी पेपर उघडला. दोन दिवस घालवले. ते दोन दिवस माझ्या नावावर आहेत.

गुरुवारी राणी आली नाही. साडेदहा वाजले, फोन बंद. पॅकहाऊसच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला कालही दुपारनंतर आली नव्हती. मी पोरांना सुट्टी दिली. राजेश्वरी आमच्या जुन्या अल्टोत आधीच बसली होती, मांडीवर ती सरावाची वही घेऊन. आम्ही थेट राणीच्या सासरी निघालो.

आदल्या दिवशी काय झालं होतं, ते नंतर कळलं. मशीनवाल्या कंपनीची एक इंजिनिअर राणीला फोनवर मदत करायची. राणीनं एक बिघाड स्वतः दुरुस्त केला, म्हणून त्या इंजिनिअर बाईनं खुशीत मेसेज पाठवला: ओला ग्वापा, शाबास, बेसोस. स्पेनात भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला ग्वापा म्हणते. आपल्याकडे अनोळखी बाईलाही 'ताई' म्हणतात, तेवढंच ते ओळखीचं बोलणं. पण विश्वजितनं बायकोचा फोन घेतला आणि मेसेजचं मोबाईलवर भाषांतर केलं. मराठीत आलं, 'हॅलो सुंदरी, शाबास, चुंबने'. पाठवणाऱ्याचं नाव होतं कोन्सुएलो. कोन्सुएलो ही साठ वर्षांची बाई आहे, तीन नातवंडांची आजी. पण विश्वजितला हे कुठून कळणार? त्यानं राणीची वर्गातली वही उघडली. पहिल्याच पानावर, चौकटीत, माझा नियम होता.

आम्ही पोचलो तेव्हा ओरडणं रस्त्यापर्यंत येत होतं. ओसरीवर राणीची सासू अंबूबाई सूप घेऊन हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. तिचा डावा हात कोपरात वाकडा, सरळ न होणारा. आम्हाला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"कोन पायजे? बसा वाईच," ती म्हणाली. "आतलं रोजचंच हाय. नवरा-बायकूचं."

मी परसात धावलो. विश्वजितनं राणीचे केस मुठीत गुंडाळले होते आणि तिचं तोंड धुण्याच्या दगडावर दाबलं होतं. तिचा उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला लोंबत होता. दगडावर रक्त होतं, साबणाचं पाणी लाल झालं होतं. दुसऱ्या हातात त्यानं वही धरली होती आणि ती तो तिच्या डोळ्यांपुढं नाचवत होता.

"कोन हाय त्यो कोन्सुएलो? बोल! कोन हाय?"

"बाई हाय वं... बाई हाय ती..." तिचा जबडा सुजला होता, शब्द गळत होते.

"बाईच्या नावाला ओ आसतो व्हय गं? तुझ्याच मास्तरनं लिवून दिलंय! ओ आला की गडी!" आणि त्यानं तिचं डोकं उचलून पुन्हा दगडावर आपटलं.

"अपवाद आहे!" मी ओरडलो. "अरे, अपवाद आहे तो! बाईचंच नाव आहे!"

माणूस बायकोचा जीव घेतोय आणि मी त्याला व्याकरण सांगतोय. तेवढंच सुचलं. मग मात्र जुनं अंग जागं झालं. मी त्याची मान मागून धरली, कोपर त्याच्या कण्यात घातलं आणि त्याला तिच्यापासून ओढून काढलं. तो जनावरासारखा तडफडला. मी त्याच्या तोंडावर मारलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नाक फुटलं. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. हाताला ते ओळखीचं होतं, विसरलेली वाट पायांना आपोआप सापडावी तसं. चौथ्यांदा हात उचलला आणि माझी नजर दारात उभ्या राजेश्वरीवर गेली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्या मुठीकडे बघत होती. माझा हात तिथंच थांबला.

तेवढ्यात तो निसटला. भिंतीला टेकवलेलं फावडं त्यानं उचललं आणि त्याचा दांडा माझ्या गळ्याच्या हाडावर घातला. कट्कन आवाज झाला, डोळ्यांपुढं पांढरं आलं आणि मी गुडघ्यावर बसलो. राजेश्वरीनं किंचाळून माझ्याकडे धाव घेतली. त्यानं तिला ढकललं, ती तुळशीच्या कट्ट्यावर पडली. मग त्यानं फावडं फिरवून धरलं, पात्याची बाजू पुढे, आणि राणीकडे वळला.

"आता दावतो तुला परदेस," तो म्हणाला. आवाज एकदम शांत होता. काँगोत मी तो आवाज ऐकला आहे. ओरडणारा माणूस मारून दमतो. तसा शांत बोलणारा एकदाच मारतो.

राणी दगडाचा आधार घेऊन उभी राहिली होती. मोरीच्या कोपऱ्यात तिच्या बापाची काठी होती. लग्नात तिनं माहेरून हीच एक वस्तू मागून आणली होती आणि घरात ती कपडे वाळत घालायला वापरत होते. तिनं ती डाव्या हातानं उचलली. उजवा हात तसाच लोंबत होता. तिनं त्याच्या डोक्याकडे बघितलंच नाही. त्यानं फावडं वर उचललं, ती खाली वाकली, आणि काठी जमिनीला समांतर, त्याच्या गुडघ्याच्या मागच्या बाजूला बसली.

तिनं वर्गात सांगितलेला तो आवाज मी तेव्हा ऐकला. विश्वजित कोसळला. पाय त्याच्याखाली उलटा दुमडला होता आणि तो लहान पोरासारखा आईला हाका मारत होता. राणीनं काठी पुन्हा उचलली. आता त्याचं डोकं तिच्या पायाशी होतं, उघडं. मला ओरडायचं होतं, थांब. पण कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

ती थांबली. तिची तीच. काठी टेकली, त्याच्याकडे बघितलं आणि फुटलेल्या तोंडानं म्हणाली, "परत येत न्हाई."

अंबूबाई दारात आली होती. तिच्या हातातलं सूप पडलं आणि डाळ सगळीकडे पांगली. "माझ्या लेकाचा पाय मोडला गं रांडंनं!" तिनं टाहो फोडला आणि तो वाकडा हात छातीवर बडवून घेतला. राजेश्वरी उठून तिच्यापुढं गेली. मला वाटलं, ही आता म्हातारीला मारते. तिनं तो वाकडा कोपर फक्त हातात धरला आणि विचारलं, "ह्यो कुनी मोडला वो?" अंबूबाईचं रडणं एकदम तुटलं. तिनं हात काढून घेतला आणि पदराखाली लपवला.

आम्ही राणीला अल्टोत घातलं. माझं गळ्याचं हाड मोडलं होतं, म्हणून गाडी राजेश्वरीनं चालवली. बारा वर्षांनी स्टेअरिंगला हात लावला तिनं, आणि सांगलीपर्यंत ब्रेक असा मारला नाही. मागच्या सीटवर राणी माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. तिच्या तोंडातून रक्ताची लाळ माझ्या पॅंटवर गळत होती. मी तिला म्हणालो, कोन्सुएलो अपवाद आहे, मी सांगायला विसरलो, माझं चुकलं. तिनं डोळे मिटले. ऐकलं की नाही, कळलं नाही.

दवाखान्यात तिचा जबडा तारेनं बांधला. मनगटाला प्लास्टर. तिसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. गुंडा नाव त्यांचं, मिश्या पांढऱ्या, बोलायला सरळ. त्यांनी आधीच सांगितलं, नवऱ्याच्या आईनं उलटी तक्रार दिलीय, पाय मोडल्याची, त्यामुळं जे असेल ते नीट लिहा. राणीला बोलता येत नव्हतं. ते विचारायचे, ती मान हलवायची किंवा डाव्या हातानं चार अक्षरं लिहून दाखवायची. राजेश्वरीनं पिशवीतून सरावाची वही काढली आणि हवालदारांपुढं ठेवली.

"ही कसली भाषा?"

"स्पॅनिश," मी म्हणालो. माझा हात झोळीत होता. "तिनं हे आधीच लिहून ठेवलं होतं. दर गुरुवारी नवरा मारतो म्हणून."

"तारीख हाय. बरं झालं. आनि हे लाल काय?"

"ते माझं," मी म्हणालो.

राणीनं वही आपल्याकडे ओढली. पाचवं वाक्य बघितलं. लाल र बघितला, खालचे चार मार्क बघितले. मग माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. तिनं फक्त मान डोलावली, विद्यार्थी चूक कळल्यावर डोलावतो तशी.

हवालदारांनी जबाब लिहून पूर्ण केला आणि मोठ्यानं वाचला. "माझा पती मला नेहमी मारतो..." राणीनं डावा हात उचलला. थांबा.

"काय झालं? खोटं हाय का?"

तिनं मान हलवली, नाही. पेन मागितलं. हवालदार म्हणाले, जबाबात खाडाखोड चालत नाही, बाई. तिनं बोटानं समासात रेघ मारून दाखवलं, बाजूला सही करते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन दिलं. तिनं 'मारतो' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली. त्याच्यावर, डाव्या हातानं, पहिलीतल्या पोरासारख्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: मारायचा. समासात सही केली.

हवालदारांनी तो शब्द दोनदा वाचला. मला म्हणाले, "सर, तुमी भाषेचे मास्तर. हे बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

राजेश्वरीनं कागद हातात घेतला. तो शब्द वाचला आणि डोळे वर करून माझ्याकडे बघितलं, पुष्कळ वेळ. मी खाली बघितलं. मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि हवालदारांना परत दिलं.